लघवीच्या पिशवीच्या सुरुवातीच्या कॅन्सरवर प्रकाशाने चालू होणारं औषध: वडिलांसाठी आत्ता धावपळ करावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. वडील 63 वर्षांचे. लघवीतून रक्त गेलं, दुखलं काहीच नाही. दुर्बिणीतून गाठ काढली. रिपोर्ट आला: हाय ग्रेड (आक्रमक प्रकारचा), टी-वन (अस्तराखालच्या थरात शिरलेला, पण स्नायूत नाही), सोबत सीआयएस (अस्तरातच पसरलेला सपाट कॅन्सर). नंतर पिशवीत सोडायच्या बीसीजीचे, म्हणजे क्षयाच्या लशीतल्या जंतूंचे, सहा डोस झाले. तीन महिन्यांच्या तपासणीत पिशवीत लालसर चट्टे दिसले आणि बायोप्सीत पुन्हा सीआयएस निघालं, गाठ मात्र नाही. डॉक्टर म्हणतात, आणखी बीसीजी देऊन पाहू, नाही जमलं तर पिशवी काढावी लागेल. तेवढ्यात टोरंटोत राहणाऱ्या तुमच्या बहिणीने तिकडच्या एका औषधाची बातमी पाठवली. औषध पिशवीत सोडायचं, आतून हिरवा प्रकाश टाकायचा आणि कॅन्सरच्या पेशी मरतात. ते खरं आहे का, इथे मिळेल का, नाहीतर वडिलांना तिकडे न्यावं का, असं तुम्ही विचारलं आहे.

बातमी खरी आहे. उपचार गंभीरपणे घ्यावा असाच आहे. पण आज तुमच्या वडिलांना त्याची गरज लागली आहे असं या रिपोर्टवरून म्हणता येत नाही. त्यांचा बीसीजीचा कोर्स अर्ध्यावर आहे, आणि अर्ध्यावरच्या कोर्सला 'बीसीजी फेल' म्हणत नाहीत. का ते पुढे सांगतो. त्याआधी 'लाइट' या शब्दाखाली काय काय येतं ते वेगळं करू. माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच घरांचा गोंधळ तिथेच झालेला असतो.

'मूत्राशयाच्या कॅन्सरवर लेझर उपचार' अशी जाहिरात दिसली तर ती बहुतेक वेळा गाठ कापण्याबद्दल असते. नेहमीच्या विजेच्या तारेऐवजी होल्मियम किंवा थुलियम लेझरने गाठ मुळासकट एकसंध काढतात. चांगलं तंत्र आहे, पण तो प्रकाश औषध चालू करत नाही, तो सुरीचं काम करतो. दुसरा आहे निळा प्रकाश, तो पाहण्यासाठी. तपासणीच्या तासभर आधी पिशवीत हेक्झामिनोलेव्हुलिनेट नावाचं औषध सोडतात. कॅन्सरच्या पेशींत त्यापासून पोर्फिरिन नावाचं द्रव्य साठतं आणि निळ्या उजेडात तो भाग गुलाबी-लाल चमकतो. साध्या पांढऱ्या उजेडात निसटणारं सीआयएस यात सापडतं, म्हणून मला ही तपासणी आवडते. तिच्या मर्यादाही सांगतो. ब्रिटनमध्ये 22 रुग्णालयांत 'फोटो' नावाची मोठी चाचणी झाली. 2022 मध्ये आलेल्या तिच्या निकालात, निळ्या प्रकाशात गाठ काढली म्हणून तीन वर्षांत कॅन्सर परत येण्याचं प्रमाण कमी झालेलं दिसलं नाही. शिवाय नुकतंच बीसीजी झालं असेल तर नुसती सुजलेली जागाही चमकते आणि विनाकारण बायोप्सी होते.

तिसरा प्रकार म्हणजे तुम्ही विचारता तो, फोटोडायनॅमिक थेरपी. रेडिएशनशी त्याचा काही संबंध नाही. यात तीन गोष्टी एकाच जागी, एकाच वेळी लागतात: प्रकाश शोषणारं औषध, त्या औषधाला मानवणाऱ्या रंगाचा प्रकाश, आणि पेशीतला ऑक्सिजन. औषध प्रकाश शोषून घेतं आणि ती ऊर्जा ऑक्सिजनला देतं. त्यातून ऑक्सिजनचं एक अतिशय जहाल रूप तयार होतं. ते मायक्रोसेकंदांत विरतं आणि जिथे तयार झालं त्याच्या आसपासच, पेशीच्या आतल्या आत, जाळून टाकतं. शेजारच्या पेशीपर्यंतसुद्धा त्याची मजल जात नाही. नुसतं औषध निरुपद्रवी, नुसता प्रकाशही निरुपद्रवी.

ही कल्पना नवी नाही. 1900 च्या सुमाराला म्युनिकमध्ये ऑस्कर राब हा विद्यार्थी प्राध्यापक टापायनर यांच्याकडे काम करत होता. अ‍ॅक्रिडीन या रंगद्रव्यात ठेवलेले पॅरामेशियम हे एकपेशीय जीव उजेडात मरतात, अंधारात तितके मरत नाहीत, हे त्याने पाहिलं. 1970 च्या दशकात अमेरिकेतल्या बफेलोच्या रॉसवेल पार्क या कॅन्सर संस्थेत थॉमस डॉगर्टी यांनी ती कॅन्सरच्या उपचारापर्यंत आणली. आणि 1976 मध्ये लंडनच्या केली आणि स्नेल यांनी मूत्राशयाच्या कॅन्सरवर हेमॅटोपोर्फिरिन या प्रकाश शोषणाऱ्या औषधाचा वापर प्रसिद्ध केला. योगायोग असा की त्याच वर्षी कॅनडात अल्वारो मोरालेस यांनी नऊ रुग्णांमधला बीसीजीचा अनुभव प्रसिद्ध केला. दोन्ही उपचार एकदमच सुरू झाले. बीसीजी जगभर रुजलं, प्रकाशाचा उपचार मागे राहिला. पुढे 1993 मध्ये कॅनडाने फोटोफ्रिन या त्याच घराण्यातल्या औषधाला मूत्राशयाच्या कॅन्सरसाठी परवानगी दिली, तरीही तो उपचार रुजला नाही.

आज नवी बातमी वाचताना विचारायचे सगळे प्रश्न त्या अपयशातच आहेत, म्हणून इथे जरा थांबतो.

फोटोफ्रिन शिरेतून द्यायचे. ते सगळ्या शरीरात पसरायचं, त्वचेतही. त्यामुळे रुग्णाला पुढे निदान चार ते सहा आठवडे उन्हात जाता येत नसे. खिडकीतून येणाऱ्या कडक उन्हानेसुद्धा त्वचा भाजायची. त्वचा तरी काळानं सुधारत होती. पिशवीचं तसं नव्हतं. काही रुग्णांची पिशवी आतून आक्रसली, भिंतीत चट्टा धरला आणि ती इतकी लहान झाली की दर वीस-तीस मिनिटांनी लघवीला पळावं लागे. पिशवी वाचवायला केलेल्या उपचाराने पिशवीच निकामी व्हायची.

असं का झालं? फोटोफ्रिनसाठी लाल, 630 नॅनोमीटरचा प्रकाश लागतो. लाल प्रकाश ऊतींत काही मिलिमीटर आत जातो. भरलेल्या पिशवीची भिंतच मुळात तेवढी. म्हणजे आतल्या अस्तरावरचा कॅन्सर मारताना खालच्या स्नायूपर्यंत प्रकाश पोचत होता, आणि शिरेतून दिलेलं औषध स्नायूतही होतंच. दोन्ही तिथे भेटले की स्नायू भाजणार.

दुसरं कारण मला त्याहून महत्त्वाचं वाटतं. प्रकाशालाही डोस असतो, आणि पिशवीसारख्या पोकळीत तो मोजणं फार कठीण. चुन्याने पांढरी केलेली बंद खोली घ्या. तिच्यात एकच दिवा लावला तरी भिंतींवरून परत परत फिरलेल्या उजेडाने खोली दिव्याच्या मानाने कितीतरी जास्त उजळते. पिशवीचं अस्तरही तसंच वागतं. आतल्या आत विखुरलेल्या प्रकाशामुळे भिंतीला प्रत्यक्ष मिळणारा डोस लेझरच्या हिशोबापेक्षा कित्येक पटीने वाढतो, आणि तो किती पट हे प्रत्येक रुग्णात वेगळं असतं. कुणाचं अस्तर लाल, कुणाचं फिकट, कुणाच्या पिशवीत थोडं रक्त. त्यातून प्रकाशाचं टोक मध्यभागी नसेल तर एका बाजूला दुप्पट डोस आणि समोरच्या बाजूला अर्धा. पिशवी पूर्ण ताणलेली नसेल तर घडीत अंधारच राहतो. सुरुवातीच्या काळात भिंतीवर पोचलेला प्रकाश नीट न मोजता, यंत्रातून किती सोडला यावरच भर होता. काहींना कमी पडला, कॅन्सर परत आला. काहींना जास्त झाला, पिशवी आकसली.

आता टोरंटोच्या औषधाकडे वळू. त्याचं नाव टीएलडी-1433, कंपनी देते ते नाव रुविडार. रुथेनियम या धातूवर बांधलेला हा रेणू रसायनशास्त्रज्ञ शेरी मॅकफार्लंड यांच्या प्रयोगशाळेत तयार झाला आणि टोरंटोची थेरलेज ही कंपनी तो पुढे नेत आहे. मूत्राशयाच्या चाचणीचे मुख्य संशोधक टोरंटोचे युरॉलॉजिस्ट गिरीश कुलकर्णी. जुन्या अपयशाची कारणं डोळ्यांसमोर ठेवून ही पद्धत आखली आहे, हे मला तिच्यात सर्वांत पटतं.

औषध शिरेतून देत नाहीत. कॅथेटरमधून पिशवीत सोडतात, साधारण तासभर ठेवतात आणि मग पिशवी धुऊन काढतात. रक्तात ते फारसं जात नाही, म्हणून महिनाभर अंधारात बसण्याची पाळी येत नाही. कॅन्सरच्या पेशींना लोह जास्त लागतं, त्यामुळे लोह वाहून आणणाऱ्या ट्रान्सफेरिनचे दरवाजे त्यांच्यावर जास्त असतात. हा रेणू ट्रान्सफेरिनला चिकटून त्या दरवाज्यांतून आत जातो असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. प्रकाश हिरवा, 520 नॅनोमीटरच्या आसपासचा. हिरवा प्रकाश लालइतका खोल जात नाही, वरच्या थरातच संपतो. सीआयएस म्हणजे अस्तरातच पसरलेला सपाट कॅन्सर, त्यामुळे त्याला तेवढी खोली पुरते आणि स्नायू बाहेर राहतो.

प्रत्यक्षात हे ऑपरेशन थिएटरमध्ये, पूर्ण भूल देऊन होतं. पिशवी पाण्याने फुगवून शक्य तितकी गोल करतात, घड्या उलगडतात, प्रकाश सगळीकडे सारखा फेकणारं टोक मध्यभागी आणतात. पिशवीच्या भिंतीला टेकवलेले सेन्सर तिथे खरोखर किती प्रकाश पोचतो ते सतत सांगतात. ठरलेला डोस, दर चौरस सेंटिमीटरला 90 ज्यूल, पूर्ण होईपर्यंत लेझर चालू. घड्याळ पाहून बंद करायचं नाही, भिंतीवरचा आकडा पाहून करायचं. 1980 च्या दशकात हेच हवं होतं. नंतर काही दिवस किंवा आठवडे लघवीला जळजळ, घाई, थोडं रक्त असा त्रास होऊ शकतो.

आकड्यांचं म्हणाल तर पहिल्या टप्प्यात फक्त 6 रुग्ण होते. त्यातल्या 3 जणांना पूर्ण डोस मिळाला, आणि त्यातले 2 जण 180 दिवसांनी कॅन्सरमुक्त होते. यावरून उपचार करता येतो एवढंच कळलं. 2019 मध्ये दुसरा टप्पा सुरू झाला, शंभरच्या आसपास रुग्ण घ्यायची आखणी, बीसीजीला दाद न दिलेल्या किंवा बीसीजी सहन न झालेल्या सीआयएसचे. पहिला उपचार आणि गरजेप्रमाणे 180 व्या दिवशी दुसरा. कंपनीने वेळोवेळी दिलेल्या आकड्यांत सुमारे 60 टक्के रुग्णांमध्ये कधी ना कधी कॅन्सर पूर्ण गेलेला दिसला. आकडा उत्साह वाढवणारा आहे. पण 'कधी ना कधी गेला' आणि 'गेला तो दोन वर्षं आला नाही' यांत फार अंतर असतं, आणि पिशवी वाचते ती दुसऱ्यामुळे. चाचणीत तुलनेसाठी दुसरा गट नाही, हेही लक्षात ठेवा. अशा रुग्णांसाठी अमेरिकेत मान्य झालेल्या इतर औषधांच्या चाचण्याही बहुतेक अशाच एका गटाच्या होत्या: पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारशक्ती जागवणाऱ्या औषधात 41 टक्के, नाडोफॅराजीन या जीन थेरपीत 51 टक्के, बीसीजीसोबत द्यायच्या एन-803 या औषधात 62 टक्के रुग्णांना पूर्ण प्रतिसाद. या आकड्यांची एकमेकांशी शर्यत लावू नका, रुग्ण वेगळे, मोजण्याच्या पद्धती वेगळ्या. रांगेत हिरवा प्रकाश एकटा नाही, एवढंच त्यातून घ्या.

आता तुमच्या वडिलांबद्दल.

'बीसीजीला दाद दिली नाही' याची ठरलेली व्याख्या आहे. पहिल्या सहापैकी किमान पाच डोस आणि त्यानंतरच्या फेरीतले किमान दोन डोस झाल्यावरही सीआयएस राहिलं किंवा वर्षाच्या आत परत आलं, तर ते बीसीजी-अनरिस्पॉन्सिव्ह. एक अपवाद आहे: पहिल्या सहा डोसांनंतरच्या तपासणीत टी-वन हाय ग्रेड गाठच निघाली, तर तिथेच बीसीजी संपलं. वडिलांच्या बाबतीत गाठ नाही, फक्त सीआयएस आहे. आणि सीआयएस तीन महिन्यांत न जाता सहा महिन्यांत जातं हे आम्ही पुष्कळ पाहतो. बीसीजी पेशीला थेट मारत नाही, शरीराची प्रतिकारशक्ती तिथे बोलावून आणतं, आणि त्याला वेळ लागतो. अमेरिकेतल्या साउथवेस्ट ऑन्कॉलॉजी ग्रुपच्या अभ्यासात सीआयएसच्या ज्या रुग्णांना तीन महिन्यांनी आणखी तीन डोस दिले, त्यांच्यातला पूर्ण प्रतिसाद सहा महिन्यांपर्यंत 84 टक्क्यांवर गेला होता. तुमचे डॉक्टर आणखी बीसीजी म्हणतात ते या आधारावर. मीही तेच सांगितलं असतं. टोरंटोच्या चाचणीतही, बीसीजी सहन होत असेल तर, त्याचा पुरेसा कोर्स झाल्याशिवाय घेत नाहीत, म्हणजे आज तिकडे नेलं तरी 'आधी बीसीजी पूर्ण करा' हेच ऐकायला मिळेल. आणि पिशवीत देण्याचं बीसीजी पुण्याची सीरम इन्स्टिट्यूटच बनवते.

दरम्यान काही गोष्टी डॉक्टरांना स्पष्ट विचारा. पहिल्या ऑपरेशनच्या पॅथॉलॉजी रिपोर्टमध्ये स्नायूचा थर आला होता का, आणि त्यात कॅन्सर नाही असं लिहिलंय का? टी-वन हाय ग्रेडमध्ये दोन ते सहा आठवड्यांनी दुसऱ्यांदा दुर्बिणीतून खरवडून पाहणं अपेक्षित असतं. ते झालं होतं का? झालं नसेल तर कॅन्सर स्नायूत आधीच शिरलेला असू शकतो, आणि मग बीसीजी काय, हिरवा प्रकाश काय, दोन्ही चुकीच्या जागी पडतात. तसंच किडनीपासून येणाऱ्या नळ्यांचा सीटी आणि प्रोस्टेटच्या आतल्या मार्गाची बायोप्सी यांबद्दल विचारा. सीआयएस तिथे लपून बसतं आणि पिशवीत परत परत पेरलं जातं. पिशवीत टाकलेला प्रकाश तिथे पोचत नाही. जिथे प्रकाश पोचत नाही तिथे हा उपचार नाहीच, हे बातमीत लिहिलेलं नसतं.

आणखी बीसीजीनंतरही सीआयएस राहिलं, तर तेव्हा खरा निर्णय येईल. हाय ग्रेड कॅन्सरमध्ये त्या वेळी पिशवी काढणं हा सर्वांत खात्रीचा मार्ग. ऐकायला भयंकर वाटतं, पण वेळेवर, कॅन्सर स्नायूत जाण्याआधी केलेल्या शस्त्रक्रियेनंतर माणसं वर्षानुवर्षं चांगली जगतात. कुणी पोटावर पिशवी लावून, कुणी आतड्याची नवी पिशवी आत बसवून. वडिलांची तयारी नसेल किंवा हृदय-फुप्फुसं साथ देत नसतील, तर भारतात आज हाताशी असलेला पर्याय म्हणजे जेमसिटाबिन आणि डोसिटॅक्सेल ही दोन औषधं एकापाठोपाठ पिशवीत सोडणं. अमेरिकेतल्या अनेक केंद्रांच्या 276 रुग्णांच्या नोंदीत, बीसीजीनंतर हे घेतलेल्यांपैकी एका वर्षाला 60 टक्के आणि दोन वर्षांना 46 टक्के जणांचा कॅन्सर परत आलेला नव्हता. दोन्ही औषधं जुनी, जेनेरिकमध्ये मिळणारी. परदेशी बातमीत त्यांचं नाव येत नाही कारण त्यांच्यामागे कुठली कंपनी उभी नाही. तुमच्या गावच्या युरॉलॉजिस्टकडे सोय नसेल तर टाटा मेमोरियलसारख्या केंद्रात एकदा मत घ्या.

फोटोडायनॅमिक उपचार मूत्राशयासाठी भारतात आज नेहमीच्या उपचारात नाही. कुणी 'आमच्याकडे लाइट थेरपीने पिशवीचा कॅन्सर बरा करतो' म्हणालं, तर तीन गोष्टी विचारा: औषध कोणतं, प्रकाश किती नॅनोमीटरचा, आणि भिंतीवर डोस कशाने मोजता. तिसऱ्याचं उत्तर मिळालं नाही तर तिथून उठा. चाचणी आहे असं सांगितलं तर सीटीआरआय या भारतातल्या चाचण्यांच्या नोंदणी यादीवरचा क्रमांक मागा. चाचणीतल्या औषधाचे पैसे सहसा रुग्णाकडून घेत नाहीत, त्यामुळे लाखोंची पावती फाडणारी 'चाचणी' असेल तर संशय घ्या.

कॅनडाचा विचार करायचाच असेल तर तो आणखी बीसीजी आणि त्यानंतरची बायोप्सी झाल्यावर करा, आणि आधी बहिणीला त्या केंद्राच्या चाचणी विभागाला विचारू द्या की चाचणीत आता जागा आहे का आणि भारतातून येणाऱ्या रुग्णाला घेतात का. पुढची निदान दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी लागते. ती तिकडेच करायची अट असेल तर राहणं, व्हिसा, विमा हे सगळं आलं. जमीन किंवा सोनं मोडायचा विषय घरात निघाला असेल तर तो तूर्त बाजूला ठेवा.

आत्ता करायचं काम जवळचं आहे. पुढचा बीसीजीचा डोस ठरल्या तारखेला होऊ द्या, लघवीत रक्त किंवा ताप असेल तर मात्र त्या दिवशी डोस घेऊ नका, डॉक्टरांना कळवा. औषध दोन तास आत धरून ठेवणं वडिलांना जमतं का ते विचारा. जमत नसेल तर ते लाजून सांगत नाहीत, आणि डोस वाया जातो. सकाळी पाणी-चहा कमी केला की बहुतेकांना जमतं. तंबाखू किंवा विडी चालू असेल तर ती आजच थांबवायला हवी, मूत्राशयाच्या कॅन्सरचं ते सर्वांत मोठं टाळता येणारं कारण आहे आणि चालू राहिली तर कॅन्सर परत येण्याची शक्यता वाढते. सहा महिन्यांच्या बायोप्सीचा रिपोर्ट आला की तो, पहिल्या ऑपरेशनचा पूर्ण रिपोर्ट आणि सीटी, हे तिन्ही सोबत घेऊन पुढचं मत घ्या.